वजन उतरवायचे कोर्स: दोन वर्षांनी काट्यावर काय उरतं?

सातारा-सांगलीत आता गल्लोगल्ली 21 दिवसांचं चॅलेंज, तीन महिन्यांचं पॅकेज, सकाळचा शेक असं काही ना काही चालू असतं. हा धागा रोज हेच काम करणाऱ्यांसाठी. कोर्स संपल्यावर वजन का परततं, नेमकं कुठं बिनसतं, मापं काय, ते लिहा. "माझे बारा किलो कसे गेले" इथे नको, आणि जाहिरात तर नकोच नको.

आहारतज्ज्ञ, विश्रामबाग, सांगली

आधी पहिल्या आठवड्याचा हिशेब. शरीरात ग्लायकोजेन, म्हणजे साठवणीची साखर, साधारण 400-500 ग्रॅम साठलेलं असतं आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमला तीनेक ग्रॅम पाणी चिकटलेलं असतं. भात-भाकरी एकदम तोडली की हा साठा रिकामा होतो, काटा दीड-दोन किलो खाली येतो. त्यात चरबी फारच थोडी. "7 दिवसांत 2 किलो"ची पाटी यावरच चालते. पुढे एका लग्नाच्या पंगतीत तेच पाणी परत येतं आणि माणूस "आपल्याच्यानं व्हायचं नाही" म्हणून सगळंच सोडतो.

खरी अडचण त्यानंतरची. अमेरिकी संशोधक केविन हॉल यांच्या अंदाजाप्रमाणे एक किलो वजन उतरलं की शरीराचा रोजचा खर्च 20-30 कॅलरींनी घटतो आणि भूक मात्र 100 कॅलरींच्या आसपास वाढते. म्हणजे दहा किलो उतरवलेला माणूस रोज हजारभर कॅलरींची जादा भूक घेऊन फिरत असतो, आणि नेमकं तेव्हाच पॅकेज संपतं, व्हॉट्सॅपचा ग्रुप थंडावतो.

टिकतं किती? 2001 मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या लूक अहेड या चाचणीत टाइप 2 मधुमेहाचे 5,145 लोक होते. आहार-व्यायामाच्या गटाचं वजन पहिल्या वर्षी सरासरी 8.6 टक्के उतरलं. आठव्या वर्षी 4.7 टक्के उतरलेलं राहिलं होतं. 80 किलोच्या माणसाला लावून बघा: आधी सात किलो गेले, शेवटी पावणेचार टिकले. तेही पहिल्या वर्षानंतर गाठीभेटी चालू ठेवल्या म्हणून. तीन महिन्यांत गाशा गुंडाळणाऱ्या कोर्सकडून याहून जास्त कशाला धरायचं?

फिजिशियन, मिरज

निम्मं टिकलं तरी पदरात काहीतरी पडतं, एवढं जोडतो. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाने 2006 मध्ये भारतीय चाचणी प्रसिद्ध केली. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांना आहार आणि चालणं यांचा सल्ला तीन वर्षं दिला, तर मधुमेह होण्याचं प्रमाण 28.5 टक्क्यांनी कमी झालं. वजन फारसं हललंच नव्हतं! म्हणून काट्याच्या जोडीला टेप ठेवा. सगळ्यात खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून पोटाचा घेर मोजायचा. पुरुषांना 90 सेंटीमीटर, बायकांना 80, ही आपली हद्द.

कोर्समध्ये औषधं कुणी विचारत नाही, ही माझी तक्रार. ग्लिमेपिराइड ही मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना जेवणं एकदम दोनवर आणली, मग ती दीक्षित पद्धतीने असोत की आणखी कुठल्या, तर साखर खाली घसरते: घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी. गोळीचा डोस डॉक्टरांकडून आधी बदलून घ्यायचा, जेवण नंतर. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी असेल तर उठता-बसता चक्कर येते. आठवड्याला दीड किलोहून जास्त वेगाने वजन उतरवलं की पित्ताशयात खडे व्हायचा धोका वाढतो.

सेमाग्लुटाइड या भूक कमी करणाऱ्या औषधाच्या इंजेक्शनलाही लोक आता "कोर्स" म्हणू लागलेत. चाचणीत 68 आठवड्यांत सरासरी 15 टक्क्यांच्या आसपास वजन उतरलं. इंजेक्शन थांबवल्यावर वर्षभरात त्यातलं दोन तृतीयांश परत आलं. रक्तदाबाच्या गोळीला कोर्स म्हणत नाहीत, तसंच हे.

डाएटचे डबे पुरवणारी, सांगली

आहारतज्ज्ञ ताई, तुमचे तक्ते कागदावर बरोबर असतात, मार खातात स्वयंपाकघरात. तक्त्यात लिहिलेलं असतं "1 भाकरी". केवढी? 70 ग्रॅम पिठाची ज्वारीची भाकरी 240 कॅलरींची. 35 ग्रॅम कणकेची चपाती, वर तेल न लावता, 120 ची. म्हणजे एका भाकरीला दोन चपात्या. गावाकडची परातभर थापलेली भाकरी 100 ग्रॅम पीठ सहज खाते. पहिले आठ दिवस पीठ वजनकाट्यावर घ्या, मग हाताला अंदाज बसतो.

त्याहून मोठी चोरी तेलाची. चार माणसांच्या घरात पाच लिटरचा डबा महिनाभरात संपत असेल, तर माणशी रोज 340 कॅलरी नुसत्या तेलाच्या. तीन लिटरवर आणलं तर 205. ताटातलं काहीही न काढता रोजच्या 135 वाचल्या. चमचे मोजत बसू नका, दोन दिवसांत कंटाळा येतो. एक तारखेला तीन लिटर वेगळ्या बरणीत ओता. ती संपली की त्या महिन्याचं तेल संपलं. पंधरा तारखेला बरणी निम्म्याखाली गेलेली दिसली की फोडणी आपोआप आखडते. भजी तळायचीच असतील तर तेल त्याच बरणीतलं.

आपल्याकडे प्रत्येक भाजीत शेंगदाण्याचं कूट पडतं. मूठभर म्हणजे 30 ग्रॅम, 170 कॅलरी. ते बंद करू नका, भाजीला चव राहणार नाही. चार माणसांच्या भाजीला दोन चमचे पुरे. भडंग हलकं वाटतं ते चुरमुऱ्यांमुळे, त्यातलं तेल आणि शेंगदाणे हलके नसतात. बेदाणे घरचे असले तरी 100 ग्रॅमला 300 कॅलरी.

आणि एकीसाठी वेगळं शिजवायचं हे एकत्र घरात फार दिवस चालत नाही. सासूबाईंची आमटी वेगळी, सुनेचं सूप वेगळं, मुलांची भाजी तिसरीच. शिजवणारी दमली की आधी स्वतःचंच सूप बंद करते. जे पातेलं सगळ्यांसाठी चढतं तेच बदलायचं.

व्यायाम प्रशिक्षक, सातारा

चालण्याने वजन उतरतं थोडं, राखलं जातं जास्त. 70 किलोच्या माणसाचे पाच किलोमीटर चालून अडीचशेच्या आसपास कॅलरी जातात. परतताना वाटेत उसाच्या रसाचा मोठा ग्लास घेतला की निम्मी कमाई गेली. वजन जास्त असताना पहिल्याच आठवड्यात अजिंक्यतारा नको: चढताना दम लागतो तो परवडला, उतरताना गुडघे धरतात आणि पुढचा महिना घरी जातो. सहा आठवडे सपाटीवर, मग चढ.

नुसतं उपाशी राहून उतरवलेल्या वजनात स्नायूही जातात, म्हणून आठवड्यातून दोनदा ताकदीचा व्यायाम हवाच. खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं 10 वेळा, तीन फेऱ्या. पाच लिटरचे पाण्याचे दोन कॅन घेऊन घरातच फेऱ्या. भिंतीला टेकून जोर. प्रथिनं किलोमागे 1.2 ग्रॅम, म्हणजे 70 किलोला 84. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. 50 ग्रॅम कोरडे सोयाबीन वडे 26 ग्रॅम देतात, अंडं 6, वाटीभर घट्ट वरण 6-7. पातळ आमटीवर 84 गाठायचे म्हणजे बादली लागेल.

कोर्स चालवणारा, कराड

सगळे आमच्यावर तुटून पडलात, पण व्यवहारही ऐका. वजन उतरवायला लोक पैसे देतात, राखायला देत नाहीत. तीन महिन्यांची फी विनातक्रार येते. वर्षाची सांगितली की "बघतो, सांगतो". म्हणून फीच अशी लावावी: निम्मी पहिल्या तीन महिन्यांत, उरलेली पुढच्या नऊ महिन्यांत, महिन्याला एक भेट धरून. विकत घेणाऱ्याने पहिला प्रश्न हाच विचारावा की चौथ्या महिन्यात मला कोण भेटणार.

वजन आठवड्यातून एकदाच, शुक्रवारी सकाळी, पोट साफ झाल्यावर, त्याच काट्यावर. सोमवारी केलं तर रविवारचं मटण काट्यावर चढतं. टिकवायच्या वजनाच्या वर दोन किलो गेले की वाट न बघता कोर्समधल्या दुसऱ्या आठवड्याचा आहार पुन्हा सुरू. पाच किलोपर्यंत थांबलेला सहसा परत येत नाही. गौरी-गणपती ते दिवाळी उतरवायचं उद्दिष्टच ठेवत नाही. त्या काळात आहे तिथं राहिलं तरी पास.

डबेवाली, पुन्हा

आकडा मोबाइलमध्ये नको, भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा, दुधाच्या खाड्याशेजारी. घरातलं प्रत्येक जण येता-जाता वाचतं.