दुय्यम डीएनएसच्या जागी सार्वजनिक पत्ता नको
कार्यालयातील नेटवर्कबद्दलच्या प्रश्नात म्हटले आहे की सर्व्हरचे नाव कधी सापडते, कधी सापडत नाही आणि आयपी पत्ता (सर्व्हरचा नेटवर्कवरील अंकी पत्ता) टाकला की मात्र फाइल्स लगेच उघडतात, या वर्णनावरून केबल किंवा स्विचवर संशय घेण्याचे फारसे कारण उरत नाही. प्रश्नात दिलेल्या सेटिंगमध्ये प्राथमिक डीएनएस (नावावरून आयपी पत्ता सांगणारी सेवा) म्हणून कार्यालयातील सर्व्हर आणि दुय्यम म्हणून ८.८.८.८ हा गूगलचा सार्वजनिक सर्व्हर आहे, माझ्या मते खरी गोम तिथेच आहे. प्राथमिक सर्व्हरने ‘असे नाव नाही’ असे कळवले, तर संगणक दुसऱ्याला विचारत नाही. प्राथमिक सर्व्हरकडून वेळेत उत्तरच आले नाही, तर संगणक दुसऱ्याकडे वळतो, आणि त्या सार्वजनिक सर्व्हरला आपली अंतर्गत नावे ठाऊक नसल्याने त्याने दिलेला नकार काही काळ संगणकाच्या कॅशमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) टिकून राहतो. म्हणून डीएचसीपीमधून (संगणकांना नेटवर्कची सेटिंग आपोआप देणाऱ्या सेवेतून) केवळ अंतर्गत सर्व्हरचा पत्ता द्यावा आणि बाहेरच्या नावांसाठी त्या सर्व्हरवरच फॉरवर्डर (न जाणणाऱ्या नावांची चौकशी ज्याच्याकडे पाठवायची तो बाहेरचा डीएनएस सर्व्हर) नेमावा. (दुय्यम हवाच असेल, तर तोही तीच अंतर्गत नावे जाणणारा असावा.) पडताळणी करताना एनएसलुकअप (डीएनएस सर्व्हरला थेट विचारणारी आज्ञा) संगणकाची कॅश आणि होस्ट्स फाइल (संगणकावरच ठेवलेली नावे व पत्त्यांची यादी) पाहत नाही, हे ध्यानात ठेवावे, तिथे उत्तर बरोबर येऊनही पिंगला (दुसरा संगणक प्रतिसाद देतो का हे तपासणाऱ्या आज्ञेला) नाव सापडत नसेल किंवा चुकीचा पत्ता मिळत असेल, तर आधी कॅश रिकामी करावी आणि मग होस्ट्स फाइल उघडून पाहावी.