हिरड्याच्या अर्कापासून पार्टिकल बोर्डचा ग्लू होईल का?

भुसा_आणि_ग्लू: भुसा दाबून केलेल्या पार्टिकल बोर्डसाठी युरिया-फॉर्मल्डिहाइड या नेहमीच्या कृत्रिम ग्लूऐवजी वनस्पतिजन्य ग्लू करून बघतोय. हिरड्याच्या अर्कात पॅराफॉर्मल्डिहाइड (फॉर्मल्डिहाइडचं घनरूप) घालून तापवलं, पण मिश्रण आळतच नाही. टॅनिनचे (साली-फळांतलं तुरट द्रव्य, हिरड्यातही असतं) ग्लू कारखान्यात चालतात म्हणे, मग इथे काय अडतंय?

रेझीनवाला: टॅनिनची जातच वेगळी आहे हो. हिरड्यात साखरेला जोडलेली गॅलिक वगैरे आम्लं असतात, त्यांची फॉर्मल्डिहाइडशी अभिक्रिया फारच मंद. ग्लूला लागतं संघनित टॅनिन, म्हणजे फिनॉलसारख्या वलयांची जोडलेली साखळी: मिमोसाची (ब्लॅक वॉटल) साल किंवा केब्राचो या दक्षिण अमेरिकी झाडाचं गाभ्याचं लाकूड. त्यातली वलयं रिसॉर्सिनॉलसारखी (फिनॉलचा जास्त चपळ भाऊबंद), त्यामुळे फॉर्मल्डिहाइडशी फिनॉलच्या कितीतरी पट वेगाने जुळतात. दक्षिण आफ्रिकेत १९७० च्या दशकापासून मिमोसाच्या ग्लूवर बोर्ड बनतात. पाइनच्या सालीतलं टॅनिन तर इतकं उतावळं की ग्लू भुशावर पडायच्या आत भांड्यातच आळतो. बाभळीची साल मिळत असेल तर ती घ्या.

आधी स्टियास्नी चाचणी करा. अर्कात फॉर्मल्डिहाइड आणि हायड्रोक्लोरिक आम्ल घालून उकळायचं. संघनित टॅनिन असेल तर साका बसतो. पण फ्यूम हुड (वाफा बाहेर ओढणारं प्रयोगशाळेतलं कपाट) नसेल तर या वाटेला जाऊच नका. या दोघांच्या वाफेतून कॅन्सरकारक संयुग तयार होऊ शकतं.

खवचट_केमिस्ट: म्हणजे फॉर्मल्डिहाइड टाळायला निघालो आणि तेच ओतलं! हे कसलं हिरवं रसायन?

रेझीनवाला: शंका रास्त आहे. म्हणूनच हेक्झामीन (फॉर्मल्डिहाइड आणि अमोनियापासून बनणारं घन संयुग) वापरतात. टॅनिनसोबत त्याचं विघटन होताना निघणारे तुकडे फॉर्मल्डिहाइड सुटायच्या आधीच टॅनिनला धरतात, आणि बोर्डमधून होणारं उत्सर्जन अगदी कमी राहतं. मला खरी डोकेदुखी वाटते ती अर्कातल्या साखरेची आणि डिंकाची. बाजारातल्या मिमोसाच्या अर्कातही निव्वळ टॅनिन साधारण ७०-८०% असतं. उरलेल्यामुळे ग्लू दाट होतो आणि बोर्डची पाण्यापुढची ताकद घटते. जाहिरातीत हे कुणी सांगत नाही.

भुसा_आणि_ग्लू: मग या हिरड्याच्या अर्काचं काय करू? बराच उरलाय.

रेझीनवाला: चामडं कमवायला तो उत्तम. फिनॉलिक रेझीनमध्ये थोडं फिनॉल कमी करून असलं टॅनिन घालता येतं, पण पूर्ण जागा ते घेणार नाही. अवांतर: लोखंडावरच्या गंजावर लावून बघा. सुटा गंज आधी तारेच्या ब्रशने काढा. निळसर-काळा लोह-टॅनेटचा थर धरला की वर रंग मात्र द्यावाच लागेल.