जिप्सी किंगसाठी शॉक ॲब्सॉर्बर कोणते घ्यावेत? (जुन्नर परिसर, मर्यादा २५,००० रुपये)

जुन्नरची_जिप्सी: नमस्कार. माझ्याकडे २०११ सालची जिप्सी किंग आहे. आठवडाभर ती शेतावर आणि बाजारात असते. सुटीच्या दिवशी नाणेघाट, आंबोली, दुर्गवाडी या बाजूच्या कच्च्या वाटांवर जाते. मागचे दोन्ही शॉकअप तेल गाळू लागले आहेत आणि पुढचेही सैल पडले आहेत, म्हणून चारही बदलायचे आहेत. मागच्या बाकावर आई बसते आणि तिला कंबरदुखीचा त्रास आहे, त्यामुळे धक्के थोडे कमी झाले तर हवेच आहेत. गाडी उंच करायची नाही. मजुरी धरून २५,००० रुपयांच्या पुढे जाता येणार नाही. अनुभव असणाऱ्यांनी कृपया नेमके सुचवावे.

कातळवाट: शॉकअप वारंवार घेतले जात नाहीत, त्यामुळे मर्यादा थोडी बाजूला ठेवून विचार करावा. वायुदाबाचे एकनळी शॉकअपच घ्या. बिलस्टीन या जर्मन कंपनीने १९५७ मध्ये मर्सिडीजसाठी ही रचना उत्पादनात आणली आणि आजही तिला तोड नाही. आत तेल आणि नायट्रोजन यांच्यामध्ये तरंगता दट्ट्या (पिस्टन) असतो, त्यामुळे तेलाला फेस येत नाही, आणि नळी एकच असल्याने उष्णता लगेच बाहेर पडते. मी माझ्या थारला असेच बसवले आहेत. ताम्हिणीच्या वळणांवर गाडी जराही झुलत नाही.

घाटमाथा_भोर: रस्त्यासाठी हे सारे खरे आहे, पण आपल्याकडच्या दगडांचा विचार करा. एकनळी रचनेत दट्ट्या बाहेरच्या नळीलाच घासून चालतो. त्या नळीला टोकदार दगडाने पोचा आणला की शॉकअप तिथेच अडकतो. दुनळी प्रकारात दट्ट्या आतल्या नळीत चालतो, त्यामुळे बाहेरच्या नळीला लहानसा पोचा आला तरी आतले काम चालू राहते. माझ्या जिप्सीला फोम भरलेले जाड दुनळी शॉकअप आहेत आणि मी तेच सुचवीन. खर्च तुमच्या मर्यादेच्या वर जाईल, पण तो वसूल होतो.

यारा_काठी: मी मेलबर्नला राहतो आणि माझ्या गाडीला ओल्ड मॅन इमू या इथल्या ब्रँडचे शॉकअप आहेत, त्यामुळे मी तेच सांगणार. मात्र एक फरक लक्षात घ्यावा. इथल्या आडरानातले मातीचे रस्ते पत्र्यासारखे लाटालाटांचे असतात आणि त्यांवरून तासन्‌तास वेगाने जावे लागते. शॉकअप हात लावता येणार नाही इतके तापतात, तेल पातळ होते आणि गाडी उड्या मारू लागते. वेगळी तेलटाकी असलेले महागडे शॉकअप अशा कामासाठी असतात. सह्याद्रीत आपण पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सरपटत जातो, तिथे त्या टाकीचा फारसा उपयोग नाही.

थारवाला_सातारा: कातळवाट यांच्याशी पूर्ण सहमत आहे, एकनळीच घ्या. शक्य असेल तर जिप्सी विकून जिम्नी घ्या. तिला चारही चाकांवर कॉइल स्प्रिंग आहेत, आईंचा प्रश्न कायमचा सुटेल.

घाटमाथा_भोर: विचारले आहे शॉकअपचे. जिप्सी विकायला सांगणे हा सल्ला होत नाही.

पाटेवाला_नगर: मी गाड्यांच्या पाट्यांचेच (लीफ स्प्रिंगचे) काम करतो. जिप्सीला चारही बाजूंना पाटे आहेत, आणि गाडीचा भार शॉकअप नव्हे तर पाटे उचलतात. पाटा दबून परत उसळतो ती उसळी आवरणे एवढेच शॉकअपचे काम. पाट्यांमध्ये गंज धरला असेल तर ते एकमेकांवर सरकतच नाहीत आणि सगळा धक्का थेट बाकावर येतो. अशा गाडीला कडक वायुदाबाचे शॉकअप लावले तर आईंना आज बसतात त्याहून जास्त हादरे बसतील. आधी पाटे उतरवून साफ करून घ्या, शॅकलचे (पाट्याचे टोक चासीला जोडणाऱ्या दुव्याचे) आणि पाट्यांचे बुश (जोडातले रबर) बदला. एखादा पाटा काढून टाकण्याचा सल्ला कोणी देईल, तो मानू नका. शेतमाल भरल्यावर गाडी मागून बसते.

कडेलोट_नाशिक: गाडी उंच करत नाही हे उत्तम. माझ्या गाडीला एका गॅरेजवाल्याने उंची वाढवायला लांब शॅकल लावले आणि शॉकअप मात्र जुन्याच मापाचे ठेवले. चाक खड्ड्यात लोंबले की सगळा एक्सल शॉकअपवर लटकायचा. शेवटी शॉकअपचा डोळाच (टोकाची कडी) तुटला. पूर्ण उघडल्यावरची आणि पूर्ण दाबल्यावरची लांबी मोजूनच नवीन शॉकअप घ्यावेत. उलट ते फार लांब असतील तर रबरी ठोकळा टेकण्याआधीच आतून आपटतात.

कायद्याची_बाजू: मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही. उंची वाढवणाऱ्यांनी विम्याचाही विचार करावा.

कातळवाट: इथे उंचीचा प्रश्नच नाही. मी पुन्हा सांगतो, एकनळी घ्या.

यारा_काठी: टायरमधली हवा कोणीच बोलले नाही. कच्च्या वाटेला लागताना २० पीएसआयपर्यंत उतरवा आणि डांबरी रस्त्यावर येताच पुन्हा भरा. यासाठी हवेचा छोटा पंप पुरतो, आणि फरक पहिल्याच दगडावर जाणवतो.

जुन्नरची_जिप्सी: सर्वांचे मनापासून आभार. नारायणगावात चौकशी केली आणि मूळ मापाचे, साधे तेलाचे शॉकअप घ्यायचे ठरवले आहे. ते कोणीही सुचवलेले नाहीत याची मला कल्पना आहे. पण ते मऊ आहेत, इथल्या दुकानात कधीही मिळतात, आणि चारही घेऊन पाट्यांच्या कामाला व बुशला पैसे उरतात. वडील पुढची जागा आईला द्यायला तयार झाले आहेत. हवेचा पंपही घेतो आहे.

कातळवाट: दोन पावसाळ्यांत तुम्हाला ते पुन्हा बदलावे लागतील असे माझे स्पष्ट मत आहे.

पाटेवाला_नगर: बदलले तरी हरकत नाही. बसवताना एक काळजी घ्या. गाडी जॅकवर असताना बुशचे नट पूर्ण आवळू देऊ नका. चारही चाके जमिनीवर टेकवून, गाडी नेहमीच्या उंचीवर आल्यावरच शेवटचा आवळा द्यायला सांगा, नाहीतर रबर कायमचे पिळलेले राहते आणि लवकर फाटते.