रानातलं काय खाता, काय टाळता? अनुभव लिहा

मृग बरसला की आमच्याकडे तरोट्याची भाजी सुरू. आई चालता चालता कोवळी पानं खुडायची. माझ्या पोरांना मात्र तरोटा कोणता आणि कासविंदा कोणता, सांगता येत नाही. तरोट्याच्या देठावर पानांच्या तीन जोड्या, टोकं गोल. कासविंद्याला चार-पाच जोड्या, पानं टोकदार. त्याच्या बिया तर लेकरांच्या जिवावर उठतात. ही ओळख पुसली जाऊ नये असं मनापासून वाटतं. तुमच्या भागात काय खातात, कसं ओळखतात, कोणाला काही बाधलं का, सगळं लिहा.

चिमूरकडून :
आम्ही वारुळावरच्या सात्या, म्हणजे रानातल्या अळंब्या, खातो. आजी सात्या उपटायची नाही, माती उकरायची. देठ मुळासारखा खोल वारुळात गेलेला दिसला तरच टोपलीत. तेही दरवर्षीच्या ओळखीच्या वारुळावरच्याच. एका वर्षी काकांनी उकिरड्यावरची तशीच दिसणारी छत्री आणली. रश्शात चांदीचं नाणं टाकलं, काळं पडलं नाही म्हणून सगळे जेवले. रात्रभर ओकाऱ्या, पहाटे बैलगाडीतून दवाखाना. नाण्यावर कृपा करून विसंबू नका. शिजवल्यानंही सगळं विष जात नाही.

भंडारा जिल्हा :
टेंभरं, चारं, येरोण्या ही रानफळं खाऊनच मोठे झालो, कधी काही झालं नाही. कच्च्या टेंभरानं तोंडाला मिठी बसते, एवढंच.

दारव्ह्याजवळून :
मी पाचवीत होते. कुंपणाच्या चंद्रज्योतीच्या बिया आम्ही चार पोट्ट्यांनी फोडून खाल्ल्या. चव शेंगदाण्यासारखी, म्हणून आणखी खाल्ल्या. तासाभरात उलट्या, मग जुलाब. सलाईन लावावं लागलं. घरी सगळे म्हणत होते, ‘गोड लागलं ते विष कसं असेल?’ कडू तेवढंच विषारी, असं आम्हाला कोणीतरी शिकवलं होतं. आता शाळेजवळ ते झाड दिसलं की मी थांबून पोरांना बी दाखवते, नाव सांगते.

मेळघाटातून :
बिब्याचं वरचं पिवळं बोंड भाजून, वाळवून खातो, आतली गोडंबीही. पण मधल्या सालीतलं काळं तेल अंगाला लागलं की बिबा उततो, म्हणजे कातडी सुजते, फोड येतात. माझ्या बहिणीचा अख्खा चेहरा सुजला होता. तेव्हापासून आमच्या घरी बिबे फोडायला बसण्याआधी हातांना गोडंतेल चोळतात आणि लेकरांना अंगणाबाहेर पाठवतात.