झणझणीत मटणासोबत नाशिकची कुठली वाईन घ्यावी?

झणका: पुढच्या शनिवारी घरी मंडळी जेवायला आहेत, बेत कोथिंबीर वडी, बोंबील फ्राय आणि काळ्या मसाल्याचं मटण. त्याआधी नाशिकला चक्कर आहे तर सुला वायनरीतून वाईन आणावी म्हणतोय. मटण म्हणजे रेड असं सगळे सांगतात, मग सरळ शिराझ ही रेडच घेऊ का सगळ्याला? रस्सा आमच्याकडे चांगला तिखट असतो.

गोदाकाठ: सगळ्याला शिराझ नको हो. रेडमध्ये टॅनिन असतं, द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून उतरलेलं, सुपारी चघळल्यावर जीभ कशी आवळते तसं तुरट, आणि तिखटासमोर ते अजूनच कडक लागतं, त्यात अल्कोहोलने मिरचीची आग वाढते, म्हणजे रस्सापण गेला आणि वाईनपण. रश्श्यासोबत चेनिन ब्लां ही व्हाईट घ्या, किंचित गोडसर असते, फ्रीजमधून थंडगार काढून द्या. वडी आणि बोंबलाला सोव्हिन्यॉन ब्लां, तीही व्हाईटच. तिला स्वतःलाच हिरवा, लिंबासारखा वास असतो, कोथिंबिरीशी काय जमते म्हणून सांगू! सुलाने गंगापूर धरणाजवळ नव्वदच्या दशकात याच दोन द्राक्षांपासून सुरुवात केली होती, तेव्हा नाशकात सगळीकडे खायचीच द्राक्षं होती.

छाटणी: +१. मी दिंडोरीकडचा, आमच्याकडे वाईनची द्राक्षं आहेत. बाटलीवरचं वर्ष, म्हणजे द्राक्षं कधी तोडली ते, बघून घ्या एवढं सांगेन. आपल्याकडे पावसाळा संपता संपता छाटणी होते आणि माल जानेवारी ते मार्चमध्ये निघतो, युरोपात हीच तोडणी ऑगस्टपासून पुढे. थंडीतल्या गार रात्रींमुळे द्राक्षात आंबटपणा टिकतो, ऊन तापायला लागलं की तो भराभर उतरतो म्हणून तोडणीला उशीर करून चालत नाही. आणि साध्या व्हाईटची मजा त्या ताजेपणातच आहे, दुकानाच्या उन्हातल्या शेल्फवर दोन-तीन वर्षं पडलेली बाटली स्वस्त मिळाली तरी घेऊ नका.

सुकंमटण: गोदाकाठ, रश्श्याचं पटलं, पण शिराझला एकदम बाद नका करू ना. मटण सुकं केलं, मिरची कमी आणि खोबरं, मिरी, लवंग पुढे ठेवली तर शिराझ फार सुंदर लागते, तिच्यातही मिरीचाच वास असतो. फक्त रूम टेम्परेचर म्हणून तीस डिग्रीतली देऊ नका, तास-दीड तास फ्रीजमध्ये ठेवा, सोळा-अठरा डिग्री बरोबर. गोडात पुरणपोळी असेल तर लेट हार्वेस्ट चेनिन बघा, द्राक्षं वेलीवर जास्त पिकवून करतात. इगतपुरीवरून जाणार असाल तर कावनईला व्हॅलोनेपण आहे, छोटी वायनरी, निवांत चाखायला बरी.

झणका: मस्त, मग व्हाईट दोन्ही घेतो आणि थोडं मटण सुकं करून शिराझची एकच बाटली. उरली तर किती दिवस टिकते?

गोदाकाठ: बूच घट्ट लावून फ्रीजमध्ये, रेडसुद्धा. दोन-तीन दिवसांत संपवा.