मदत हवी आहे: मक्त्याने वावर करणाऱ्यांना आम्ही मित्रांनी थेट कर्ज द्यायचं म्हटलं तर कसं? (उमरेड, नागपूर)

नमस्कार मंडळी,

मी नागपुरात नोकरीला आहे, गाव उमरेड तालुक्यात. आम्ही आठ मित्र, सगळे गावाकडूनच इकडे आलेलो. प्रत्येकी ३५ हजार काढून गावातल्या अकरा घरांना मृगाच्या आधी २५-२५ हजार द्यायचे, कापूस विकला की परत घ्यायचे, असं ठरवतोय. ही अकराही घरं दुसऱ्याचं वावर मक्त्याने, म्हणजे ठरलेल्या भाड्याने, करतात. मला कायद्याचं आणि व्यवहाराचं दोन्ही मार्गदर्शन हवं आहे.

हे डोक्यात आलं ते माझ्या मोठ्या आईमुळे. तिच्याकडे तीन एकर मक्त्याने आहे. सातबारा मालकाच्या नावावर, आणि कुळ लागेल या भीतीने मालक साध्या कागदावरही लिहून देत नाही. म्हणून पीककर्ज नाही. जनधनचं खातं आहे, एटीएम कार्ड आहे, पण त्या खात्यात बँकेने आजवर एक रुपया कर्ज टाकलेलं नाही. मे महिना आला की ती सावकाराकडे जाते. शेकडा पाच रुपये महिना. जूनमध्ये २० हजार घेतले तर डिसेंबरपर्यंत सहा हजार नुसतं व्याज. बियाणं आणि खत कृषी केंद्रातून उधारीवर. तिथल्या वहीत तिच्या नावापुढे तारीख नसते, "कापूस आल्यावर" एवढंच लिहिलेलं असतं.

मागच्या वर्षी मी मोबाईलवरच्या एका पी-टू-पी (लोकांचे पैसे थेट दुसऱ्या लोकांना कर्जाने मिळवून देणाऱ्या) कर्ज कंपनीत तिचा अर्ज भरायला बसलो. ओटीपी मुलाच्या नंबरवर गेला, तो पुण्याला. मग "मासिक उत्पन्न" असा रकाना आला. मी विचारलं तर म्हणाली, "महिन्याचं काय सांगू बाबू? कापूस घरी आल्याशिवाय माह्यापाशी पैसा कुठून येईन?"

अर्ज पुढे गेला असता तरी निभावलं नसतं, हे मला हिशेब केल्यावर कळलं. २४ हजार, महिना दोन टक्के, बारा हप्ते, म्हणजे हप्ता साधारण २,२७० रुपये. पहिला हप्ता जुलैत. जुलै ते ऑक्टोबर चार हप्ते, नऊ हजारांच्या वर, आणि सीतादही (कापूस वेचणीच्या सुरुवातीची पूजा) अजून व्हायची असते! त्याच महिन्यांत निंदण, डवरण, फवारणी. ते नऊ हजार ती पुन्हा सावकाराकडूनच आणणार. हातात पैसा पडतो त्या दिवसाला हप्ता बांधला नाही तर कमी व्याजाचं कर्जही तिला बुडवतं.

तर माझे प्रश्न:
आम्ही आठ जणांनी पैसे एका खात्यात गोळा करून वाटले तर चालतं का? थोडं व्याज घेतलं, समजा वर्षाला सहा टक्के, तर आम्ही सावकार ठरतो का? आणि पीक निघाल्यावर एकरकमी परतफेड घेणारी कुठली नोंदणीकृत व्यवस्था आहे का?

—

जुना_कारकून:
सहकार खात्यात नोकरी केली आहे, म्हणून लिहितो. राज्यात महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ लागू आहे. व्याजाने पैसे देण्याचा धंदा परवान्याशिवाय करता येत नाही, आणि अकरा घरांना दरवर्षी व्याजाने देणं धंद्यातच मोजलं जाऊ शकतं. सहा टक्के असो की साठ, परवाना नसला तर अडकाल. त्या कायद्यात कर्जाची व्याख्याच "व्याजाने दिलेली आगाऊ रक्कम" अशी आहे. बिनव्याजी हातउसने त्यात बसत नाहीत. तुमचा हेतू चांगला आहे, तेव्हा व्याजाचा मोह सोडा.

पैसे एका खात्यात अजिबात गोळा करू नका. अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा २०१९ चा केंद्राचा कायदा आहे, नको तो संशय कशाला? ज्याने त्याने आपल्या खात्यातून थेट घेणाऱ्याच्या खात्यात टाकावे. २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम उसनी रोखीने देऊ-घेऊ नका, आयकराचा दंड बसतो.

तुमच्या मोठ्या आईचा सावकार परवानाधारक आहे का, ते तालुक्याच्या सहायक निबंधक कार्यालयात विचारा. शेतकऱ्याला विनातारण कर्जावर परवानाधारकाला वर्षाला बारा टक्क्यांपर्यंतच व्याज घेता येतं. शेकडा पाच महिना म्हणजे वर्षाचे साठ टक्के.

पी-टू-पीबद्दल: रिझर्व्ह बँकेचे नियम ऑक्टोबर २०१७ पासून आहेत. एका देणाऱ्याला एका घेणाऱ्यास ५० हजारांपेक्षा जास्त देता येत नाही, मुदत जास्तीत जास्त ३६ महिने. बुडीत गेलं तर नुकसान देणाऱ्याचं. परताव्याची हमी कंपनीला देता येत नाही, ऑगस्ट २०२४ मध्ये हे आणखी कडक केलं. हमी देणारा दिसला तर दूर राहा. रंग दे ही २००८ पासून ग्रामीण कर्जदारांसाठी काम करणारी आणि आता पी-टू-पी म्हणून नोंदलेली संस्था आहे, ती गावपातळीवरच्या भागीदार संस्थांमार्फत कर्ज देते. तिथे हप्ता पिकाला बांधून मिळेल का, हे त्यांनाच विचारा.

—

बचतगटवाली:
दादा, मी भिवापूरकडे गटांचे हिशेब लिहिते. बायकांच्या गटात बाहेरचा पैसा टाकायला जाऊ नका, बचत कोणती आणि उसने कोणते हे वर्षभरात कुणालाच कळेनासं होतं. त्यापेक्षा या अकरा घरांचे दोन संयुक्त देयता गट करा. नाबार्डची पद्धत आहे, चार ते दहा जण एकमेकांना जामीन राहतात, आणि ती सातबारा नसलेल्या बटईदार-मक्तेवाल्यांसाठीच काढलेली आहे. मॅनेजरकडे सगळ्यांनी मिळून जा, एकेकट्याने गेलं की परत पाठवतात. मे महिन्यात जाऊ नका, तेव्हा तिथे गर्दी असते. फेब्रुवारीतच जा.

—

धागाकर्ता:
दोघांचेही मनापासून आभार. व्याज घेणार नाही, आठही जणांना आत्ताच फोन करून सांगितलं, दोघं थोडे नाराज झाले पण राहिले. पुढच्या आठवड्यात मोठ्या आईला आणि आणखी चार जणींना घेऊन बँकेत जातो. ते होईपर्यंत यंदाचं बी-बियाणं आमच्या बिनव्याजी पैशातून.

एक गोष्ट राहिली. पाऊस गेला किंवा बोंडअळीने कापूस खाल्ला तर परतफेड पुढच्या दिवाळीपर्यंत आपोआप पुढे जावी, तिला आमच्या दारात येऊन हात जोडावे लागू नयेत, असं कागदावर आधीच लिहायचं आहे. कुणी असा करार केला असेल तर नावं काढून मजकूर इथे टाकाल का?