मदत हवी आहे : वडिलांच्या भजनाच्या कॅसेट घरच्या स्टिरिओवरून सीडीवर उतरवताना येणाऱ्या अडचणी

माळ्यावरची पेटी :

नमस्कार. विषय जुन्या यंत्रांचा आहे. ज्यांच्या घरी कॅसेट डेक अजून चालू अवस्थेत आहे त्यांनी कृपया वेळ काढून वाचावे, ही विनंती.

माझे वडील, ज्यांना आम्ही दादा म्हणत असू, देवगड तालुक्यातल्या आमच्या गावच्या भजनी मंडळात पेटी वाजवत आणि गातही असत. १९७९ ते १९९४ या काळात त्यांनी स्वतः टेप केलेल्या चाळीस कॅसेट गेल्या मे महिन्यात माळ्यावरच्या ट्रंकेत सापडल्या. त्या डोंबिवलीला आणून सीडीवर उतरवायच्या, असे मी ठरवले आहे. सीडीच का, असा प्रश्न येईल म्हणून आधीच सांगते : आई एक्याऐंशी वर्षांची आहे, मोबाइलवर गाणे शोधणे तिला जमत नाही, पण सीडी प्लेअरमध्ये चकती घालून बटण दाबणे तिला उत्तम जमते.

घरची मांडणी अशी आहे. ॲम्प्लिफायर, कॅसेट डेक आणि दोन स्पीकर हे दादांनी लॅमिंग्टन रोडवरून घेतलेले आहेत. सीडी रेकॉर्डर माझ्या मामेभावाने २००३ साली न्यू जर्सीहून आणला होता आणि तो १२० व्होल्टवर चालतो, त्यामुळे त्याच्यासाठी विटेएवढा जड स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर आहे, जो मी जागेअभावी कॅसेट डेकच्या खालच्या फळीवर ठेवला आहे. कॅसेट डेक ॲम्प्लिफायरच्या टेपच्या खाचांना जोडला आहे. रेकॉर्डरकडे जाणारी वायर मी ‘प्री आउट’ लिहिलेल्या ठिकाणाहून घेतली आहे.

पहिली अडचण अशी की, दुकानातून आणलेल्या पन्नास कोऱ्या सीडींपैकी एकही हा रेकॉर्डर स्वीकारत नाही. चकती आत घेतो, थोडा वेळ फिरवतो आणि बाहेर ढकलतो. त्याच्या खोक्यातच शिल्लक राहिलेली एक जुनी सीडी मात्र त्याने घेतली. तिच्यावर एक बाजू उतरवली. ती याच यंत्रावर वाजते, पण आईच्या प्लेअरला ती दिसतही नाही.

दुसरी अडचण आवाजाची आहे. उतरवताना मी ऐकण्याचा आवाज कमी केला की सीडीवरचा आवाजही तेवढाच कमी होतो. शिवाय पखवाजाची थाप जोरात पडते तिथे आवाज फाटतो, जो मूळ कॅसेट ऐकताना फाटत नाही. काटा अधूनमधून लाल पट्ट्यात गेला पाहिजे, नाहीतर खरखर जास्त येते, हे दादांनीच मला शिकवले होते आणि मी तसेच केले.

तिसरी अडचण सर्वांत त्रासदायक आहे. कॅसेट सुरू असताना मागे सतत एक घुमणारा जाड आवाज येतो. गजर चालू असतो तेव्हा तो झाकला जातो, पण दादा एकटे अभंगाची पहिली ओळ उचलतात तिथे तो स्पष्ट ऐकू येतो, आणि मला नेमकी तीच जागा स्वच्छ हवी आहे. इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग तपासून घेतले; ते व्यवस्थित आहे, असे तो म्हणाला. आता काय करावे?

रीळवाला :

ताई, तुमचा रेकॉर्डर बिघडलेला नाही, तो नियमाने वागतो आहे. घरगुती वापराचे सीडी रेकॉर्डर फक्त ‘म्युझिक’ किंवा ‘डिजिटल ऑडिओ’ असा शिक्का असलेल्या कोऱ्या सीडी घेतात. चकती नुसती पाहून फरक कळत नाही, पण तिच्यावर आधीच कोरलेल्या खोबणीत तिची ओळख सांकेतिक रूपात असते आणि रेकॉर्डर ती सर्वांत आधी वाचतो. यामागे तांत्रिक कारण नाही, हिशेबाचे आहे. अमेरिकेत १९९२ साली झालेल्या कायद्याने घरगुती डिजिटल रेकॉर्डरवर २ टक्के आणि कोऱ्या ऑडिओ चकतीवर ३ टक्के मानधन-आकार बसवला, जो संगीत क्षेत्रातल्या लोकांना वाटला जातो. संगणकाच्या सीडीवर तो आकार नसल्यामुळे ती या यंत्राला चालत नाही. स्टुडिओत वापरायचे रेकॉर्डर दोन्ही प्रकार घेतात. काही जण चकती ओळखून झाल्यावर यंत्राला फसवून ती बदलण्याची युक्ती करतात; वीस वर्षांच्या यंत्रावर तो प्रयोग करू नये, असे माझे मत आहे.

जुनी सीडी आईंच्या प्लेअरवर न वाजण्याचे कारण सोपे आहे : ती ‘फायनलाइज’ केलेली नाही. ध्वनिमुद्रण संपल्यावर चकतीच्या सुरुवातीला अनुक्रमणिका लिहावी लागते, आणि ती नसेल तर इतर प्लेअरना चकती कोरीच वाटते. ते बटण रेकॉर्डरवर किंवा त्याच्या रिमोटवर असेल. एकदा ते केले की त्या सीडीवर पुढे काही भरता येत नाही, म्हणून ती पूर्ण भरल्यावरच करा, आणि मध्ये वीज गेली तर सगळेच मुसळ केरात जाते, तेव्हा वेळ पाहून करा. ८० मिनिटांच्या सीडीवर ९० मिनिटांची कॅसेट मावत नाही, हेही लक्षात असू द्या.

आता वायर. ‘प्री आउट’मधून निघणारा आवाज व्हॉल्यूमच्या कळीनंतरचा असतो, त्यामुळे कळ फिरवली की मुद्रणही बदलते. वायर ‘रेक आउट’ किंवा ‘टेप आउट’मधून घ्या, तिथला आवाज त्या कळीच्या आधीचा असतो आणि बास-ट्रेबल फिरवल्यानेही बदलत नाही. कॅसेट डेकने दोन्ही खाचा अडवल्या असतील तर डेकच्या मुद्रणाच्या दोन वायर काढून टाका, नाहीतरी तुम्ही त्याच्यावर आता काही टेप करणार नाही.

दादांचा लाल पट्ट्याचा नियम कॅसेटपुरता अगदी बरोबर होता. चुंबकीय फीत थोडा जास्तीचा आवाज सावकाश दाबून सोसून घेते. सीडीला मात्र शून्य डेसिबलच्या वर आकडाच नाही, त्यामुळे तिथून वरची लाट सपाट कापली जाते आणि कानाला ती फाटलेली लागते. सर्वांत मोठी थाप उणे चार डेसिबलच्या आसपास राहील अशी पातळी ठेवा. पातळी कमी ठेवल्याने खरखर वाढेल ही भीती नको, कारण कॅसेटची स्वतःची खरखर सीडीच्या तळापेक्षा कितीतरी वर असते.

खटपट्या :

रीळवाल्यांनी बहुतेक सर्व सांगितले आहे. मी फक्त घुमण्याबद्दल लिहितो, कारण तुमच्या वर्णनातल्या एका वाक्यावर माझी नजर अडकली. ट्रान्सफॉर्मर कॅसेट डेकच्या खाली आहे. कॅसेट डेकचे हेड ही मुळात तारेची बारीक गुंडाळी असते आणि तिचे कामच चुंबकीय बदल ओळखण्याचे असते. फितीवरचे चुंबकत्व आणि खालच्या लोखंडी गाभ्यातून बाहेर पडणारे ५० हर्ट्झचे क्षेत्र यांत ती भेदभाव करत नाही. अर्थिंग कितीही उत्तम असले तरी हे घुमणे जाणार नाही. कॅसेट थांबवून, पण डेक आणि रेकॉर्डर दोन्ही चालू ठेवून, ट्रान्सफॉर्मर हाताने उचलून हळूहळू दूर न्या आणि स्पीकरकडे कान द्या. त्यानंतरही थोडे घुमणे उरलेच, तर टीव्हीच्या सेट-टॉप बॉक्सची वायर ॲम्प्लिफायरला लावलेली आहे का, ते पाहा.

अजून एक, न विचारलेले. कोकणातल्या माळ्यावरच्या कॅसेट असतील तर फितीच्या कडेला पांढरी भुकटी दिसते का, ते उजेडात धरून पाहा. ती बुरशी असेल तर ती कॅसेट डेकमध्ये घालू नका, कारण हेडला लागलेली बुरशी पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. आणि डेकवरचे डॉल्बीचे, म्हणजे खरखर कमी करण्याच्या सोयीचे, बटण बंद ठेवा. जी कॅसेट डॉल्बीशिवाय भरली आहे ती डॉल्बी लावून वाजवली की टाळांचा आवाज गोणपाटातून आल्यासारखा येतो.

सप्तसूर :

मला वाटते, आपण सर्वजण ताईंना लांबच्या रस्त्याने नेत आहोत. कॅसेट डेकची वायर एका साध्या यूएसबी साउंड कार्डातून लॅपटॉपला जोडावी, फाइल आकार न घटवता (अनकम्प्रेस्ड) साठवावी, आणि तिच्यावरून संगणकाच्याच ड्राइव्हने ऑडिओ सीडी तयार करावी. संगणकाला त्या पन्नास साध्या सीडी चालतात आणि आईंच्या प्लेअरलाही त्या बहुधा चालतील. सीडीच्या दर्जाच्या एका तासाला सुमारे ६३५ एमबी लागतात, म्हणजे चाळीस तासांना जेमतेम २५ जीबी. लिहिलेल्या सीडीचा रंगथर ऊन आणि उष्णतेने खराब होतो, त्यामुळे दादांचा आवाज केवळ चकतीवर ठेवणे मला धोक्याचे वाटते.

माळ्यावरची पेटी :

सर्वांचे मनापासून आभार. काल रविवारी दुपारभर हेच केले, म्हणून सविस्तर लिहिते.

ट्रान्सफॉर्मरचा प्रयोग सर्वांत आधी केला. मी तो दोन्ही हातांनी उचलला आणि मुलाला स्पीकरपाशी बसवले. फळीपासून हातभर अंतरावर नेताच तो म्हणाला, “गेला.” परत जवळ आणला, तर आवाज परत आला. इलेक्ट्रिशियनचे पैसे वाया गेले, पण तो ट्रान्सफॉर्मर आता खिडकीखाली जमिनीवर आहे. वायर ‘टेप आउट’ला लावली, पातळी उणे चारवर ठेवली आणि पखवाज एकदाही फाटला नाही.

सप्तसूर यांचा सल्ला मला पटला आहे आणि साउंड कार्ड मागवले आहे. फाइली लॅपटॉपवर राहतील. तरीही ऑडिओचा शिक्का असलेल्या दहा सीडी एका जुन्या दुकानदाराकडे मिळाल्या, त्यांच्यावर आईसाठी निवडक भजने मी रेकॉर्डरवरूनच उतरवणार आहे. त्यात एक नवीन गोष्ट लक्षात आली. हा रेकॉर्डर दोन-तीन सेकंद शांतता दिसली की नवीन ट्रॅक सुरू करतो, त्यामुळे दादा ओळ संपवून श्वास घेतात तिथे एकाच अभंगाचे चार तुकडे झाले.

आणि एक कॅसेट अशी आहे की तिचा आवाज अगदी दबका येतो आणि मध्येच जातो. उघड्या बाजूने पाहिल्यावर, इतर कॅसेटमध्ये फितीच्या मागे जो नमद्याचा चिमुकला तुकडा असतो, तो हिच्यात दिसत नाही. तिच्यावर दादांच्या अक्षरात ‘कार्तिकी एकादशी, १९८३’ असे लिहिलेले आहे. ही वाचू शकेल का?

खटपट्या :

ट्रॅकसाठी मेनूत ‘ऑटो’ऐवजी ‘मॅन्युअल’ निवडा आणि अभंग संपला की बटण स्वतः दाबा.

कॅसेट नक्की वाचेल. तो तुकडा फितीला हेडवर दाबून धरतो; त्याचा गोंद सुकला की तो गळून पडतो, फितीला मात्र काहीही झालेले नसते. पाच स्क्रू असलेली एखादी नको असलेली कॅसेट घ्या आणि तिची फीत काढून टाका. दादांची कॅसेट चिकटवलेली असेल तर तिची शिवण पातळ सुरीने सावकाश उघडा, दोन्ही चकल्या फितीसकट एकत्र उचलून नव्या कवचात ठेवा आणि फीत कोपऱ्यांवरच्या दोन्ही चाकांवरून व नमद्याच्या पुढून गेली आहे याची खात्री करून स्क्रू लावा. डेकमध्ये घालण्यापूर्वी पेन्सिल घालून दोन-चार वेढे फिरवून पाहा. काम पंखा बंद करून करा, आणि त्याआधी एका निरुपयोगी कॅसेटवर हात बसवून घ्या.